ॲफेक्स ट्विन कुठून ऐकायला घ्यावा? मुंबईतल्या नव्या कानांसाठी

ॲफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराशी बहुतेकांची पहिली गाठ चुकीच्या दारातून पडते. कुणीतरी नाव सांगतं, आपण यूट्यूबवर शोधतो आणि समोर येतो 'कम टू डॅडी'चा व्हिडिओ. ओसाड इमारती, आणि एकाच दाढीवाल्या माणसाचा दात विचकणारा चेहरा लावून धावणारी लहान मुलं. क्रिस कनिंगहॅमनं १९९७ साली केलेला तो व्हिडिओ जबरदस्तच आहे, पण त्यावरून या माणसाचा अंदाज बांधलात तर फसाल. दोन मिनिटांचा हळुवार पियानोही त्याचाच, आणि जेमतेम हलणारं, ठेकाच नसलेलं अडीच तासांच्या आसपासचं संगीतही त्याचंच.

म्हणून आधीच सांगून टाकते: सालवारीनं ऐकू नका, आणि 'बेस्ट ऑफ' शोधत बसू नका. तीस वर्षांहून जास्त काळ बदलत राहिलेलं काम आहे हे. एखादा धागा पकडायचा, तो कुठून कुठे जातो ते बघायचं, मग दुसरा धरायचा. चाहते याच्या प्रेमात पडतात ते असेच, तुकड्यातुकड्यानं.

माणूस आणि त्याची नावं

खरं नाव रिचर्ड डी. जेम्स. जन्म १८ ऑगस्ट १९७१, आयर्लंडमधल्या लिमरिक गावात. वाढला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. कथिलाच्या बंद पडलेल्या खाणींचा हा मुलूख. यंत्रं खोलून त्यांचे आवाज बदलायचा नाद त्याला शाळकरी वयापासूनचा. १९९१ मध्ये मित्रासोबत रेफ्लेक्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्डी काढणारी कंपनी, काढलं, पण मोठे अल्बम बहुतेक वॉर्प या लेबलवर आले. मुलाखतींत तो बिनदिक्कत थापा मारतो. 'माझ्याकडे रणगाडा आहे' ही त्यातली गाजलेली. प्रत्यक्षात ती लष्करातून निवृत्त झालेली चिलखती गाडी होती. तेव्हा मुलाखतीतलं निम्मं सोडून द्यायचं.

नव्या माणसाचा खरा गोंधळ नावांवरून होतो. ॲफेक्स ट्विन, एएफएक्स, पॉलिगॉन विंडो, कॉस्टिक विंडो, द टस ही सगळी एकाच माणसाची नावं. ॲपवर एक नाव शोधलं तर निम्मं काम दिसतच नाही. पहिल्याच दिवशी हे सगळे कलाकार शोधून 'फॉलो' करून ठेवा. ॲपवर दिसणारं साल पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावर जाऊ नका.

द टसची गोष्ट तर चाहते अजून चवीनं सांगतात. २००७ मध्ये या नावानं रेकॉर्ड आली, कुणी अनोळखी कलाकार म्हणून. ऐकणाऱ्यांनी काही दिवसांतच ओळखलं. यामाहा जीएक्स-१ नावाचा अवाढव्य, दुर्मीळ सिंथेसायझर त्यात वाजत होता, आणि तो घरी असणारी माणसं जगात मोजकी. वर ठेक्याची ठेवण. पुढे त्यानंही ते मान्य केलं. आपल्याकडे जाणकार दोन मिनिटं आलाप ऐकून घराणं ओळखतात, तसाच हा प्रकार.

कुठे ऐकायचं, आणि कुठे नाही

लोकलमध्ये ऐकणं मुंबईकराला चुकत नाही. पण गाडीचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो, आणि तो नेमका संगीतातला बेस गिळतो. मग आपण आवाज वाढवतो. आठवड्याला चाळीस तास ऐकायचं तर ८० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मानक सांगतं. विरार फास्टच्या दारात उभं राहून साध्या इअरफोनवर बेस ऐकू यायला हवा असेल, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. नॉइज कॅन्सलिंगचे किंवा कान नीट बंद करणारे इअरफोन असतील तर ठेक्याचे ट्रॅक प्रवासात ऐका. शांत ट्रॅक घरासाठी राखून ठेवा. ते लोकलमध्ये वाया जातात.

महागडं काही लागत नाही. वायरचे बऱ्यापैकी हेडफोन पुरतात. फोनला जॅक नसेल तर छोटा डीएसी (डिजिटल फाइलचा हेडफोनसाठी आवाज करून देणारी डबी) किंवा कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतो. दुकानात आपल्याच फोनवर लावून बघा, एका कानाचा आवाज जात नाही ना याची खात्री करा आणि मगच पैसे द्या.

पहिला आठवडा: 'सिरो'

बरेच जण 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२' पासून सुरू करा म्हणतात. १९९२ चा हा अल्बम गोड आहे, कॅसेटवर ध्वनिमुद्रित झाल्यामुळे थोडा घुसमटलेला आहे आणि इतिहास म्हणून मोठा आहे. पण त्यातल्या युक्त्या नंतर इतक्यांनी उचलल्या, की आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात नवल काय ते कळत नाही. मी सांगेन, २०१४ च्या 'सिरो'पासून सुरू करा.

'सिरो' आला तो आधीच्या अल्बमनंतर तेरा वर्षांनी. लंडनच्या आकाशात त्याचं बोधचिन्ह रंगवलेला हिरवा फुगा तरंगवून बातमी फोडली गेली. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. आपल्या कामाचं कारण मात्र वेगळं आहे. त्याचे जवळजवळ सगळे हातखंडे इथे एकाच ठिकाणी, स्वच्छ ध्वनिमुद्रणात भेटतात. पहिला ट्रॅक 'मिनिपॉप्स ६७'. त्याच्या नावापुढे कंसात १२०.२ लिहिलंय. ती लय आहे, मिनिटाला १२०.२ ठोके. अल्बममधल्या ट्रॅकच्या नावांत असे आकडे आहेत. लय मोजायची सवय नसेल तर ही आयती शिकवणी समजा.

पहिल्या खेपेला फक्त ठेका ऐका. दुसऱ्या खेपेला ठेका सोडून मागे काय चाललंय ते ऐका. मिनिपॉप्समध्ये मागे सूर सतत बदलत असतात, आणि एक ओळ परत आली असं वाटतं तेव्हा तिच्यात काहीतरी इकडचं तिकडे झालेलं असतं. तिसऱ्या खेपेला आपसूक दोन्ही एकत्र ऐकू येतं. कागदपेन्सिल घेऊन बसायची गरज नाही.

आता धागा धरा

*पियानोचा धागा.* नव्या माणसाला मी हाच आधी देते. २००१ चा 'ड्रक्यूज' हा दुहेरी अल्बम घ्या आणि त्यातले वेडेवाकडे ठेक्याचे ट्रॅक सध्या बाजूला ठेवा. फक्त पियानोचे ऐका. 'आव्रिल फोर्टीन्थ' तुम्ही कुठेतरी आधी ऐकलाही असेल, पुढे कान्ये वेस्टनं तो आपल्या गाण्यात वापरला. तो वाजवलाय यामाहाच्या डिस्क्लाव्हियरवर. हा खराखुरा पियानो, पण पट्ट्या दाबणारा कॉम्प्युटर. रात्री हेडफोन लावून ऐकलंत तर सुरांमागे पट्ट्यांची, लाकडाची बारीक खटखट ऐकू येते. ती पुसून टाकता आली असती. त्यानं ठेवली.

त्याच अल्बममधल्या दुसऱ्या काही ट्रॅकमध्ये पियानो मुद्दाम बिघडवलेला वाटतो. हा 'प्रिपेअर्ड पियानो'. तारांमध्ये स्क्रू, रबर असलं काही अडकवायचं, म्हणजे एकेक पट्टी घंटेसारखी किंवा लाकडासारखी वाजते. ही युक्ती नावारूपाला आणली अमेरिकन संगीतकार जॉन केज यानं, आणि इथे हा धागा चक्क आपल्या शेजारी येतो. अहमदाबादच्या पखवाजवादक गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन केजकडे पाश्चात्त्य संगीत शिकल्या, आणि बदल्यात त्याला भारतीय संगीत शिकवलं. त्याच सुमारास, १९४६ ते ४८ मध्ये, केजनं प्रिपेअर्ड पियानोसाठी 'सोनाटाज अँड इंटरल्यूड्स' लिहिलं. त्यामागची कल्पना नवरसांची. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत केजचा सहकारी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यानं मूग सिंथेसायझर बसवला, आणि तिथे काम करणाऱ्यांत पुन्हा गीताबाई होत्या. ती ध्वनिमुद्रणं 'द एनआयडी टेप्स' या नावानं २०२३ मध्ये बाहेर आली. इलेक्ट्रॉनिक संगीत हे परदेशी खूळ, असं घरी कुणी म्हणालं तर त्यांना ती ऐकवा.

पियानोचा हा धागा पुढे 'सिरो'च्या शेवटच्या ट्रॅकमध्ये निघतो. 'ऐसात्साना' हे त्याच्या पत्नीचं नाव उलटं लिहिलेलं. पियानो, मध्ये लांब थांबे आणि मागे पक्षी. मग २०१५ ची छोटी रेकॉर्ड, 'कॉम्प्युटर कंट्रोल्ड अकूस्टिक इन्स्ट्रुमेंट्स पार्ट टू'. पार्ट वन कधी आलाच नाही, तो शोधत बसू नका. तिच्यात खरे ढोल, खऱ्या तारा, पण वाजवणारी यंत्रं. २००१ ते २०१५ हा धागा एका बैठकीत ऐकला, की 'इलेक्ट्रॉनिक म्हणजे बटणं दाबणं' हा समज गळून पडतो.

*३०३ चा धागा.* हा मुंबईतून निघतो. रोलंड कंपनीनं १९८१ मध्ये टीबी-३०३ नावाची चंदेरी डबी काढली. एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी एवढाच हेतू. त्या कामाला ती कुचकामी ठरली आणि काही वर्षांत बंद पडली. पण त्याआधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटसंगीतात साथ करणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी ती डबी, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर जोडून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. भैरव, ललत, भूप, तोडी, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीनं काढली, कुणी फारसं विचारलं नाही. शिकागोच्या फ्यूचर या गटाची, 'ॲसिड' या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतशैलीचा आरंभ मानली जाणारी रेकॉर्ड आली १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. चरणजितजींची रेकॉर्ड एका डच संग्राहकाच्या हाती लागून २०१० मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा जग चकित झालं. म्हातारपणी त्यांनी परदेशात ती प्रत्यक्ष वाजवली. २०१५ मध्ये मुंबईतच ते गेले. ॲसिडचा शोध त्यांनी लावला असं काही जण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. त्यांना राग वाजवायचे होते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, आणि मींड कानात बसलेल्या वादकाला तिचं काय करायचं ते वेगळं सांगावं लागलं नसणार.

आधी ही रेकॉर्ड ऐका, मग ॲफेक्सच्या 'ॲनालॉर्ड' मालिकेकडे या. २००५ साली अकरा रेकॉर्डी ओळीनं, जुन्या ॲनालॉग यंत्रांवर केलेल्या. ३०३ ची तीच कुरकुर, तीच घसरण, पण इथे ती उदासही होते आणि थट्टाही करते. त्याच्या सगळ्या कामात मला हाच काळ उपेक्षित वाटतो. 'ड्रक्यूज'नंतर लोकांना काहीतरी प्रचंड हवं होतं, आणि हा गडी जुन्या डब्यांशी खेळत बसला म्हणून अनेकांनी नाकं मुरडली. अकरा रेकॉर्डी एकदम नको असतील तर त्यातले निवडक दहा ट्रॅक 'चोझन लॉर्ड्स' या २००६ च्या संग्रहात आहेत.

*सुरांच्या जुळणीचा धागा* थोडा वाढीव आहे. ज्यांचा कान शास्त्रीय संगीतावर पोसलाय त्यांनी तो जरूर धरावा. पियानो आणि पेटी यांच्या सप्तकाचे बारा समान तुकडे पाडलेले असतात आणि श्रुती त्यात बसत नाहीत, ही आपली जुनीच तक्रार. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. ॲफेक्सला हीच अडचण वेगळ्या रस्त्यानं जाचली. कॉर्गच्या 'मोनोलॉग' या सिंथेसायझरसाठी त्यानं सल्ला दिला, आणि त्या यंत्रात सप्तक आपल्या मनासारखं जुळवून घेता येतं. त्याच्या काही ट्रॅकमध्ये सूर 'किंचित उतरलाय' असं वाटलं तर लगेच बेसूर म्हणू नका. दोनतीनदा ऐका. उतरलेला सूर आपल्या जागी पक्का बसलेला असतो.

रात्रीचं काम: 'व्हॉल्यूम टू'

१९९४ चा 'सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स व्हॉल्यूम टू' हा माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा अल्बम, आणि नव्या माणसाला सर्वांत अवघड. ठेका जवळजवळ नाही. ट्रॅकना नावं नाहीत, अपवाद एका 'ब्लू कॅल्क्स'चा. नावांच्या जागी वेष्टनावर धूसर फोटो आणि वर्तुळाचे भाग पाडलेल्या आकृत्या. कुठला फोटो कुठल्या ट्रॅकचा हे चाहत्यांनी आकृत्यांवरून ताडलं आणि फोटोत जे दिसतं ते नाव ठेवलं. 'रूबार्ब', 'स्टोन इन फोकस' ही नावं अशी ऐकणाऱ्यांनी पाडली आणि तीच रूढ झाली. कुठे नुसता क्रमांक दिसला तर गांगरू नका, ट्रॅक तोच असतो.

सलग ऐकू नका. रात्री अकरानंतर, सोसायटीतले मिक्सर आणि टीव्ही शांत झाले की एक किंवा दोन ट्रॅक. पंखा चालू राहू द्या, त्याची घरघर यात सहज मिसळते. झोप आली तर झोपा. काही ट्रॅक सुंदर आहेत, काही सरळसरळ भीतीदायक, आणि ते शेजारीशेजारी ठेवलेत. 'रिलॅक्सिंग म्युझिक' म्हणून लावलंत तर मध्यरात्री दचकून उठाल.

चेहरा बघायचाय?

हे एका संध्याकाळचं काम आहे, पण प्रत्येक चाहत्यानं कधी ना कधी केलेलं. १९९९ च्या 'विंडोलिकर' या रेकॉर्डवर दुसरा ट्रॅक आहे, त्याचं नाव म्हणजे एक लांबलचक गणिती समीकरण. त्याची चांगल्या दर्जाची फाइल घ्या. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उतरवून फाइल त्यात ओढा. डावीकडे ट्रॅकच्या नावावर क्लिक करून 'स्पेक्ट्रोग्राम' (आवाजातल्या चढ्या-उतरत्या सुरांचं चित्र) निवडा आणि स्पेक्ट्रोग्रामच्या सेटिंगमध्ये पट्टी 'लॉगरिदमिक' करा. साधारण साडेपाच मिनिटांच्या आसपास, जिथे कानाला नुसती करकर येते, तिथे पडद्यावर त्याचाच हसरा चेहरा उमटतो. चित्राचं आवाजात रूपांतर करणारं मेटासिंथ हे सॉफ्टवेअर वापरून त्यानं तो पेरलाय. पहिल्या ट्रॅकच्या अखेरीस असंच एक सर्पिल आहे. पट्टी 'लिनियर' राहिली तर चेहरा चेपलेला दिसतो, फाइल फार दाबलेली असेल तर पुसट.

जे आवडलं नाही त्याचं काय करायचं

वेगळी प्लेलिस्ट करा, 'नंतर' या नावाची. पुसू नका. या कामात रसिकता वाढते ती मुख्यतः इथे. १९९६ चा 'रिचर्ड डी. जेम्स अल्बम' हमखास त्या यादीत जातो. जेमतेम अर्ध्या तासाचा, ड्रम इतके वेगवान की माणूस वाजवूच शकणार नाही, आणि त्यावर व्हायोलिनच्या भोळ्याभाबड्या चाली. शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशा फोडण्याचं काम चालू आहे आणि घरात आई काहीतरी गुणगुणतेय, असा प्रकार. सुरुवातीला फक्त फरशा ऐकू येतात. 'सिरो'मध्ये कान थोडे मुरले की मग गुणगुणणं आधी ऐकू यायला लागतं. तोवर थांबायचं, ओढूनताणून आवडवून घ्यायचं नाही. शिवाय काही ट्रॅक खरंच टाकाऊ आहेत. २०१५ मध्ये त्यानं साउंडक्लाउडवर जुन्या कच्च्या मुद्रणांचा ढीग ओतला, शंभराहून कितीतरी जास्त ट्रॅक. त्यात हिरे आहेत तसे नुसते खडेही आहेत, आणि चाहता आहे म्हणून खड्यांना हिरे म्हणायची सक्ती नाही.

चाहत्यांत 'नव्वदच्या दशकानंतर काही राहिलं नाही' म्हणणारे भेटतीलच. प्रत्येक घराण्यात असतात. वाद घालण्यापेक्षा त्यांना २०१८ ची 'कोलॅप्स' आणि २०२३ ची 'ब्लॅकबॉक्स लाइफ रेकॉर्डर' या छोट्या रेकॉर्डी ऐकवा. 'कोलॅप्स'मधल्या पहिल्या ट्रॅकच्या व्हिडिओत मात्र तीव्र लखलखाट आहे. फिट्सचा त्रास असलेल्यांनी तो बघू नये, त्याच कारणानं तो टीव्हीवरून दाखवता आला नव्हता.

दोघंतिघं मिळून ऐकण्यात वेगळी मजा आहे. एकानं ट्रॅक लावायचा, नाव सांगायचं नाही, बाकीच्यांनी साल ओळखायचं. या मंडळींची एकी कशी असते तेही जाणून घ्या. कॉस्टिक विंडोचा एक अल्बम १९९४ मध्ये नमुना प्रतींपुरता छापला गेला आणि बाजारात आलाच नाही. २०१४ मध्ये त्यातली एक प्रत विक्रीला निघाली, तेव्हा चाहत्यांनी इंटरनेटवरून वर्गणी काढून ती घेतली. प्रत्येक वर्गणीदाराला डिजिटल प्रत मिळाली. मूळ रेकॉर्डचा मग लिलाव झाला, आणि माइनक्राफ्ट या खेळाचा जनक मार्कस पर्सन यानं ती ४६,३०० डॉलरला उचलली.

प्रत्यक्ष कार्यक्रम आणि रेकॉर्डी

मैफल कशी असते ते बघायला लंडनच्या फील्ड डे महोत्सवातलं २०१७ चं त्याचं वादन शोधा. एनटीएस रेडिओनं ते थेट प्रसारित केलं होतं. नेहमीचे ट्रॅक फारसे नाहीत, पण त्याची निवड कशी चालते ते कळतं. मुंबईत अशा जातीचं संगीत मुख्यतः लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारातल्या आणि वांद्रे-खारच्या क्लबांत वाजतं. कार्यक्रम जाहीर वेळेला सुरू होईल या भरवशावर राहू नका, आणि शेवटची लोकल चुकणार हे धरूनच परतीची सोय बघा. केमिस्टकडे मिळणारे फोमचे इअरप्लग खिशात ठेवा. स्पीकरच्या अगदी समोर उभं राहण्यात शौर्य नाही.

रेकॉर्डींचं म्हणाल तर काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ मध्येच बंद झालं. चोर बाजारात जुन्या हिंदी एलपी मिळतील, ॲफेक्स शोधायला जाऊ नका. बाहेरून मागवलेल्या रेकॉर्डवर टपालखर्च आणि कस्टम मिळून बराच भार पडतो. घरी रेकॉर्ड प्लेअर नसेल तर त्या भानगडीत पडूच नका. त्याचं स्वतःचं ऑनलाइन दुकान २०१७ पासून चालू आहे. तिथे फाइल विकत मिळतात, जुन्या रेकॉर्डींना जोडलेले वाढीव ट्रॅकही असतात आणि 'ॲनालॉर्ड' मालिकाही आहे. पहिली खरेदी तिथलीच एखादी करा, आणि फाइल घेताना एमपीथ्रीऐवजी आवाजातलं काही न कापणारे फ्लॅक किंवा वेव्ह हे प्रकार निवडा. चेहरा बघायलाही तीच कामाला येते.